आबांचा गुण्या आणि दाजींची गाडी

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी त्यांत खऱ्या अर्थानं काटकोनात असलेली वस्तू एकच, आणि ती आपल्या खांद्यावरच्या खाकी पिशवीत आहे, यावर माझ्या दाजींचा गाढ विश्वास होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आणि ती वस्तू म्हणजे त्यांच्या वडिलांचा, आबांचा गुण्या. दोन पट्ट्या कोपऱ्यात जोडून केलेलं, काटकोन तपासायचं सुतारांचं साधन. आबा गावचे सुतार. त्यांनी तो शिसवीचा स्वतः घडवला होता, कोपऱ्याला पितळेची चकती मारली होती आणि दाजी फौजेत भरती झाले तेव्हा त्यांच्या हाती न देता घरीच ठेवला होता. का, तर तिकडे सरकारी गुण्ये भरपूर असतात आणि ते कुणाचेच नसतात. पुढे दाजी फौजेच्या वर्कशॉपात सुतारकाम करून हवालदार होऊन परतले, आबा गेले, आणि गुण्या दाजींच्या पिशवीत आला तो कायमचा.

ही पिशवी दाजी सगळीकडे नेत. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते स्टेजचा कोपरा तपासून येत. कराडच्या एका हॉटेलात मिसळ समोर आलेली असताना त्यांनी टेबलाला गुण्या लावला आणि मालकाला बोलावून सांगितलं, "मिसळ झ्याक हाय, पण तुमचं टेबल नमस्कार करतंय." मिरजेला आमचे काका ऑपरेशन होऊन खाटेवर पडलेले, दाजी भेटायला आले, खिडकीपाशी दोन मिनिटं पाठमोरे उभे राहिले आणि वळून काकांना म्हणाले, "खिडकी एक सूत बाहेर हाय. पण डॉक्टर चांगला दिसतोय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दाजींच्या जगात माणसांचे स्वभाव, सरकारी योजना आणि भाकरीचा काठ हे सगळं सुतात मोजलं जाई. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा चहा-पोहे झाल्यावर दाजींनी नवऱ्या मुलाच्या हातात एक कॅलेंडर आणि खिळा दिला आणि म्हणाले, "एवढं जरा भिंतीला लावा." मुलगा बिचारा इंजिनियर, त्यानं लावलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं, परत येऊन किंचित सरकवलं. दाजी आत जाऊन आक्काला म्हणाले, "पसंत." पत्रिका वगैरे नंतर बघितली.

माझ्या सांगलीच्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणत असताना दाजी गुण्या घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. हॉल पास झाला. स्वयंपाकघराबद्दल "लाजतंय जरा" एवढाच शेरा मिळाला. जेवायच्या टेबलाचा एक पाय मात्र त्यांनी तोकडा ठरवला, समोर पडलेली एक लग्नपत्रिका चौघडी करून त्या पायाखाली घातली, टेबलावर तळहात ठेवून जोर दिला आणि म्हणाले, "आता हलायचं न्हाई, मॅडम." मी शाळेच्या ऑफिसात आहे म्हणून ते मला मॅडम म्हणतात. ती पत्रिका त्या पायाखाली राहिली. पत्रिकेतल्या जोडप्याची दोन मुलं आता शाळेत जातात.

माझं आणि दाजींचं पहिल्यापासून जमलं, याचं कारण माझ्या याद्या. मला यादीशिवाय काम सुचत नाही. वाणसामान, शाळेची दुरुस्ती, कोणाला फोन करायचा, कोणावर रागवायचं राहिलंय, सगळं माझ्या वहीत आकडे घालून असतं. झालं की बरोबरची खूण. दाजी एकदा ती वही चाळून आक्काला म्हणाले, "तुमच्या माहेरात सरळ रेघेत चालणारी एकच बाई निघाली." आक्का भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग तिच्याकडंच का न्हाई गेलासा जेवायला?"

एवढ्या या सरळ माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती, जिच्याबद्दल ते कधी बोलत नसत. ती मला आक्कानं सांगितली. अठरा वर्षांपूर्वी दाजी सुट्टीवर आले होते, गावात त्यांच्या नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. दाराची चौकट करायला दिली होती ती मिस्त्रीकडे. हा मिस्त्री म्हणजे दाजींचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघंही आबांच्याच हाताखाली रंधा मारायला शिकलेले. चौकट बसवायच्या दिवशी हळदकुंकू, नारळ, शेजारपाजार, सगळं जमलेलं. आबा थकलेले, जुन्या घराच्या ओट्यावर बसून बघत होते. दाजींनी सगळ्यांच्या देखत आबांचा गुण्या चौकटीच्या कोपऱ्याला लावला. फटीतून उजेड दिसला. "अर्धा सूत बाहेर हाय," दाजी म्हणाले. मिस्त्रीनं गुण्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता चौकट उचलून बैलगाडीत घातली. नारळ तसाच राहिला. पुढच्या सुट्टीत दाजींनी स्वतः दुसरी चौकट केली, आबांच्या गुण्यानं. त्यानंतर दोघं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकांशी बोलले नाहीत. हवालदारानं माघारी धाडलेला सुतार म्हटल्यावर गावातली कामंही मिस्त्रीला मिळेनाशी झाली; तो रोज सकाळच्या एस.टी.नं कराडला एका फर्निचरवाल्याकडे कामाला जाऊ लागला. पारावर मिस्त्री दिसला की दाजी वाट बदलत. "वाकडं काम केलं त्यानं," एवढंच एकदा माझ्यासमोर म्हणाले, आणि म्हणताना गुण्याची पिशवी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

तर आता गाडीविषयी. दाजींनी बंद पडलेल्या एका कारखान्यातून टेबल सॉ आणलं. म्हणजे लोखंडी टेबल, आणि त्याच्या मध्यातून वर आलेली विजेवर फिरणारी गोल करवत. म्हशी विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा त्यांनी धुऊन काढला, शेणकूट बाहेर आणि मशीन आत. पण आडवी फळी नुसती हातानं करवतीकडे ढकलली की ती केसभर तरी फिरते, आणि केसभर म्हणजे दाजींच्या लेखी गावभर. शिवाय बोटांचाही प्रश्न होता, तो आक्काचा. मग मोबाइलवर त्यांना एक दाढीवाला गोरा माणूस सापडला. तो याच मशीनवर एक सरकती पाटी वापरत होता. प्लायवूडचा चौकोन, त्याच्या पोटाला दोन पट्ट्या, त्या मशीनच्या टेबलावरच्या दोन खाचांतून आगगाडीसारख्या पुढेमागे धावणार. पाटीच्या एका कडेला भक्कम आडवी पट्टी, तिला फळी टेकवायची आणि फळीसकट आख्खी पाटी करवतीवरून पुढे सारायची. म्हणजे फळी फिरत नाही आणि हात करवतीपासून लांब राहतो. गोऱ्यानं त्याला काही नाव दिलं असेल, पण दाजी आवाज बंद करूनच बघत. "करवतीला भाषा लागत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तिला गाडी म्हणायला सुरुवात केली, आणि सबंध आळी मग गाडी कुठवर आली म्हणून विचारू लागली. जत भागातून आलेला एक मेंढपाळ दोनदा येऊन गेला. त्याला वाटलं, दाजी टेम्पो घेतायत.

गाडीला चार महिने लागले. खाली धावणाऱ्या पट्ट्या जुन्या बाभळीच्या, कारण बाभळ पावसाळ्यात फुगत नाही असा दाजींचा अनुभव. त्या खाचेत घट्ट झाल्या म्हणून घासल्या, सैल झाल्या म्हणून फेकल्या, असे सात जोड झाले. फेकलेले आक्कानं चुलीत घातले. तळाला मेणबत्ती घासून घासून एवढी गुळगुळीत केली की, शिमग्यात लाइट गेली तेव्हा घरात मेणबत्ती शिल्लक नव्हती. शेवटी राहिली ती आडवी पट्टी. ती करवतीशी नेमकी काटकोनात बसली तर गाडी खरी, नाहीतर गाडीनं कापलेली प्रत्येक फळी आयुष्यभर तीच चूक करणार. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस आक्काकडे गेले होते, त्याच आठवड्यात दाजींनी आबांचा गुण्या लावून ती पट्टी बसवली. "आता परीक्षा," म्हणाले. "मॅडम, वही आण."

परीक्षा गोऱ्याकडूनच शिकलेली. एक हातभर चौरस फळी घ्यायची. तिची एक कड गाडीवर कापायची. मग फळी फिरवायची, कापलेली कड आडव्या पट्टीला टेकवायची, पुढची कड कापायची. असं चारी बाजूंनी फिरवलं की पाचव्यांदा पहिल्याच कडेवरून एक चिंचोळी पट्टी कापून काढायची, आणि तिची दोन्ही टोकं मोजायची. पट्टी सारख्या जाडीची आली तर गाडी काटकोनात. एक टोक जाड, एक पातळ आलं तर चूक. आणि ती प्रत्येक वळणाला वाढत आल्यामुळं चौपट होऊन दिसते. मला ही परीक्षा फार आवडली. एका वेळी न दिसणारी चूक चार वेळा फिरवल्यावर लपू शकत नाही, यात एक शिस्त आहे.

पाचवी पट्टी खाली पडली. दाजींनी उचलली, मोजली, परत मोजली. एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन सूत जाड.

मी वहीत संशयितांची यादी केली. पहिला प्लायवूड. बदलला, दोन सूत. दुसऱ्या बाभळीच्या पट्ट्या, हलत नव्हत्या. तिसरी करवत, ती तिरकी बसली असेल, नव्हती. चौथा विजेचा दाब. त्याचा इथं संबंध नाही असं मी म्हटलं, पण दाजींनी लिहायला लावला. पाचवा गोरा. सहावी मी. माझी मोजायची पट्टी शाळेची, म्हणजे सरकारी, म्हणून संशयास्पद. आम्ही दोन दिवस एकेकाला निर्दोष सोडत गेलो. गोठ्यात आखूड होत गेलेल्या फळ्यांचा ढीग लागला. सातव्या आकड्यापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. लिहायचं काय ते मला कळलं होतं, पण माझा पेन धजेना.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली. उंबऱ्यातून ढिगाकडे बघितलं आणि म्हणाली, "आवं, पर त्यो गुण्याच बघितलासा का?"

दाजींनी कप घेतला नाही.

"गुण्या तपासायचा कसा ते साऱ्या गावाला तुमीच शिकिवता की," आक्का म्हणाली. "रेघ मारायची, उलटा करायचा, परत रेघ मारायची. रेघंवर रेघ पडली तर गुण्या खरा. मग ह्यो बी उलटा करून बघा."

"आबांचा गुण्या उलटा करायचा?" दाजी म्हणाले. आबांनाच उलटं टांगायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. दुकानातला नवा गुण्या घेताना काउंटरवर उलटासुलटा करून दुकानदाराला घाम फोडणाऱ्या या माणसानं, घरचा हा एक गुण्या एकदाही उलटा केला नव्हता. वडिलांची परीक्षा कोण घेतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा दाजी मशीनवर वाकलेले होते. समोरच्या फळीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. एकाच ठिकाणाहून निघालेल्या आणि वर जाता जाता एकमेकींपासून दूर झालेल्या. टोकाशी अंतर एक सूत. उलटा केल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्याची खरी चूक अर्धा सूत. पाचव्या पट्टीचे दोन सूत भागिले चार, तेही अर्धा. वही उघडी होती म्हणून मी हिशेब लिहिला आणि लिहून झाल्यावर कळलं की हा आकडा मी आधी ऐकलाय. मागे आक्का उभी होती. ती हळूच म्हणाली, "चौकटीला बी तेवढंच म्हणला हुतासा."

"ठावं हाय मला," दाजी म्हणाले.

दिवसभर ते घरातल्या वस्तूंना हात लावत फिरले. पलंग, फडताळ, खिडक्या, देव्हारा. सगळं त्यांच्या हातचं, सगळं त्या गुण्यानं केलेलं. फडताळाचं दार आपोआप उघडतं ही आक्काची पंधरा वर्षांची तक्रार, आणि "हवेनं उघडतं" हे त्यांचं पंधरा वर्षांचं उत्तर. फडताळापाशी ते पुष्कळ वेळ उभे राहिले. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले. "मॅडम, एक यादी करून दे. मिस्त्रीला काय काय बोलायचं त्याची." मी केली. एक, गुण्या चुकीचा निघाला. दोन, तुझी चौकट बरोबर होती. तीन, चारचौघांत बोललो ते चुकलं. चार, तुझी कामं गेली त्याला मी कारण. पाच, माफ कर. दाजींनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तू बी चल. मधलं इसरलं तर आठवण दे."

मिस्त्रीचं घर मी पहिल्यांदा बघत होते, पण आक्काच्या गोष्टीवरून दार ओळखलं. माघारी गेलेली चौकट त्यानं स्वतःच्याच घराला बसवली होती. तो पायरीवर बसून करवतीला धार लावत होता. दाजींना बघून त्यानं कानस खाली ठेवली नाही.

"काय हवालदार, वाट चुकलासा व्हय?"

दाजी उभे राहिले. खिशात हात घातला. मला वाटलं यादी काढणार. पण बाहेर आली ती पाचवी पट्टी. त्यांनी ती पुढे केली. मिस्त्रीनं घेतली, एका टोकावरून अंगठा फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत नेला. सुताराचा अंगठा, त्याला माझ्या वहीची गरज नव्हती.

"चार बाजू फिरवून काढलीया," दाजी म्हणाले.

"म्हंजी चारनं भागायचं."

"व्हय."

"अर्धा सूत," मिस्त्री म्हणाला.

"आबांचाच गुण्या."

"व्हय. मला ठावं हाय."

दाजींनी मान वर केली. "कवापासनं?"

"तू फौजंत हुतास. आबांची नजर अधू झाल्ती. विहिरीच्या दगडावर पडला गुण्या त्यांच्या हातनं. मीच उचलला. घरी नेऊन माझ्या गुण्याला लावून बघितला, तर सरकलेला. तसाच परत आणून दिला. आबांना न्हाई सांगितलं. त्यांनी काय त्यो परत वापरला न्हाई तसा, हात थरथरायचा. नुसता उशाला घेऊन बसायचे."

"मग त्या दिवशी तोंडात काय मिठाची गुळणी धरल्तीस? एवढी माणसं जमली हुती. सांगायचं की, गुण्या वाकडा हाय म्हणून!"

मिस्त्रीनं पट्टी परत दिली. "आबा ओट्यावर बसलं हुतं की रं."

यावर दाजींना जे काही झालं ते मी बघितलं नाही. मी त्या चौकटीकडे बघत राहिले. घरातून मिस्त्रीच्या बायकोचा आवाज आला. ती बहुतेक दारामागून सगळं ऐकत होती. "आता च्या घेताय, का अजून अर्धं सूत, पाव सूत करत बसताय दोघं?" मग तिनं मला हात धरून आत घेतलं आणि म्हणाली, "बसा बाई. ह्यांचं आता लय येळ चालंल." आत जाताना मी ऐकलं, मिस्त्री दाजींना म्हणत होता, "लाव की चौकटीला गुण्या, आलायसच तर." आणि दाजी म्हणाले, "आणला न्हाई." मी वळून बघितलं. त्यांच्या खांद्यावर पिशवी नव्हती. ती नाही हे वाटेत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

यादीतला एकही मुद्दा बोलला गेला नाही. माझ्या वहीत ती तशीच आहे, एकाही आकड्यापुढे खूण नसलेली.

गाडीची आडवी पट्टी मग दोघांनी मिळून बसवली. मिस्त्रीनं कराडच्या कामाला तेवढ्यासाठी सुट्टी घेतली. एक स्क्रू पक्का, दुसरा सैल. मिस्त्री टकटक करून पट्टी सरकवतोय, दाजी फळी फिरवतायत, आणि दोघं मिळून त्या गोऱ्याला नावं ठेवतायत. तिसऱ्या परीक्षेत पाचवी पट्टी दोन्ही टोकांना सारखी आली. ती मला बक्षीस मिळाली. वहीत खुणेला असते. आता शनिवार-रविवार मिस्त्री गोठ्यात असतो. गावातल्या दोन शाळांचे बाक त्यांनी मिळून केले. तेवढ्यात फडताळाचा एक खण वाळवीनं गेला आणि दाजींनी गाडीवर कापून नवा केला, तर तो बसेना, कारण जुनं फडताळ आबांच्या काटकोनात आणि नवा खण खऱ्या. मग पाटीवर, आडव्या पट्टीच्या टोकाशी, दोन खुणा झाल्या. एक साधी, आणि तिच्या शेजारी दुसरी, जिच्यापुढे पेन्सिलीनं "आबा" लिहिलंय. घरातलं जुनं काही दुरुस्त करायचं असलं की पट्टी त्या खुणेवर सरकवतात.

गुण्या आबांच्या फोटोशेजारी खिळ्याला आहे. पिशवीतून आक्का आता भाजी आणते.

परवा दाजी दवाखान्याच्या कामाला सांगलीला आले तेव्हा माझ्याकडे जेवायला थांबले. माझ्या पुस्तकांची मांडणी एका बाजूला झुकलीय, ती कुणालाही दिसते. दाजींनी बघितली. त्यांचा हात सवयीनं खांद्याकडे गेला, तिथं पिशवी नव्हती, तसाच खाली आला. "बरी हाय," म्हणाले, आणि आमटी मागितली. स्वयंपाकघराकडे तर त्यांनी बघितलंच नाही. माणूस मऊ झाला, बरंच झालं, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते गेल्यावर घर मला उगाच बिनतपासलेलं वाटायला लागलं.

पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी मी यादी केली. मटकी भिजवणे. आक्कासाठी हळद. रिपोर्टची फाइल. आणि चौथ्या क्रमांकावर, टेबलाच्या पायाखालची पत्रिका काढून ठेवणे. ती निघता निघेना. इतक्या वर्षांत फरशीला चिकटली होती. सुरीनं काढली.

दाजी आले, बसले, मी ताट ठेवलं. टेबल हललं. आमटी वाटीच्या काठापर्यंत जाऊन परतली. मी मुद्दाम गॅसकडे तोंड करून उभी राहिले. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, गुडघे मोडल्याचा आवाज आला, आणि टेबलाखालून दाजी म्हणाले,

"मॅडम, ह्यो पाय अर्धा..." ते थांबले. "न्हाई. मला वाटतंय, जरासा कमी हाय. एखादी पत्रिका असंल तर दे बघू."